मँचेस्टर युनायटेडला पाव मालक मिळाला, आता तरी दिवस पालटणार काय?

रंकाळ्याचा_रेड
२१ फेब्रुवारी २०२४

मंडळी, झालं एकदाचं. काल सर जिम रॅटक्लिफचा व्यवहार पूर्ण झाला. २७.७ टक्के हिस्सा, सव्वा अब्ज पाउंड मोजले म्हणे, वर तीनशे मिलियन डॉलर स्टेडियम वगैरेसाठी वेगळे. फुटबॉलचा सगळा कारभार, म्हणजे कोच कोण ठेवायचा, खेळाडू कुठला आणायचा, कुणाला नारळ द्यायचा, हे आता इनिओसवाले, म्हणजे रॅटक्लिफच्या कंपनीची माणसं, बघणार. ग्लेझर मंडळी, म्हणजे जुने अमेरिकन मालक, घरातच आहेत, मेजॉरिटी त्यांचीच. म्हणजे सातबाऱ्यावर नाव त्यांचं आणि शेत कसणार हे. कूळकायदा लागला तर लई बरं होईल.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. वडील त्यांच्या काळात तालमीकडून, म्हणजे पेठेच्या फुटबॉल क्लबकडून, गोलकीपर होते, शाहू स्टेडियमवर. १९९९ ची चॅम्पियन्स लीगची फायनल आम्ही दोघांनी बघितली, मी सातवीत. बायर्न १-० पुढं, नव्वद मिनिटं होत आली, वडील म्हणाले संपलं आता, झोप, उद्या लवकर उठायचंय, आणि टीव्ही बंद केला. सकाळी दूधवाल्यानं सांगितलं की युनायटेडनं दोन मारले, शेरिंगहॅम आणि सोल्शार. त्या दिवसापासून वडिलांनी एकही मॅच शिट्टीच्या आधी बंद केलेली नाही. ०-७ असली तरी नाही. लिव्हरपूलकडून ०-७ खाल्ली तेव्हाही शेवटपर्यंत बसले होते, हातात वाटी तशीच.

फर्गी, म्हणजे कोच सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन, २०१३ ला निवृत्त झाला. त्यानंतर कोच आले मोयेस, व्हॅन गाल, मोरिनियो, सोल्शार, रांगनिक, टेन हाग. खेळाडूंवर पैसा पाण्यासारखा. तिसाव्या वर्षी कॅसेमिरो, आणि त्या अँटनीला ऐंशी मिलियनच्या वर पाउंड, तो जागच्या जागी गिरक्या घेतोय. माझी अपेक्षा फार नाही. चिठ्ठी कुणी काढायची हे एकदा ठरू दे. आमच्या तालमीतसुद्धा सीझनच्या आधी चार जण बसून ठरवतात की बॅकला माणूस पाहिजे का फॉरवर्डला, मग आफ्रिकेचा प्लेअर बघतात. तेवढं तरी करा की रं.

तुम्हाला काय वाटतं? लिहा. दंगा नको.

गनर_गणेश
२१ फेब्रुवारी २०२४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दर दोन वर्षांनी तुमचा हा धागा येतो, फक्त नाव बदलतं.

रंकाळ्याचा_रेड
२१ फेब्रुवारी २०२४

गणेशराव, तुमच्या आर्सेनलची शेवटची लीग २००४ ची. पॉपकॉर्न मऊ पडले असतील.

साल्फर्डची_स्मिता
२२ फेब्रुवारी २०२४

छान लिहिलंय रेडभाऊ, वडिलांचा किस्सा वाचून गलबलून आलं.

मी अकरा वर्षं इथे साल्फर्डला आहे, मूळची सांगलीची. इथल्या लोकांचा मूड सांगते. रॅटक्लिफ फेल्सवर्थचा, म्हणजे मँचेस्टरच्या अगदी लगतचा, त्यामुळे आपला माणूस आला असं म्हणणारे बरेच आहेत. पण माझ्या शेजारचे आजोबा, वय ७९, ते काही बोलत नाहीत. त्यांच्याकडे अजून हिरवा-सोनेरी मफलर आहे, २०१० च्या ग्लेझरविरोधी आंदोलनातला. ते न्यूटन हीथचे रंग. क्लब १८७८ साली न्यूटन हीथ या नावाने रेल्वेच्या कामगारांनी काढला, मँचेस्टर युनायटेड हे नाव १९०२ मध्ये पडलं. आजोबांचा भाऊ तर २००५ मध्येच उठून गेला, काही चाहत्यांनी स्वतःचा एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला तिकडे. तिथे एक सभासद एक मत, तुमच्या तालमीसारखंच की. आजोबा गेले नाहीत. म्हणाले, भांडण मालकाशी आहे, मैदानाशी नाही.

मला स्वतःला वाटतं की दोन वर्षांत फरक दिसेल. मँचेस्टर सिटीमधून ओमर बेरादाला सीईओ म्हणून आणतायत, न्यूकासलचा स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन अ‍ॅशवर्थ येणार असं चाललंय. इतकी वर्षं फुटबॉलचे निर्णय बँकेतून आलेली माणसं घेत होती. आता निदान फुटबॉल कळणारी येतायत.

खडूस_मावशी
२२ फेब्रुवारी २०२४

मी सीए आहे, फुटबॉल मला मुलामुळे कळतो, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण इथे बरेच जण ग्लेझर वाईट ग्लेझर वाईट म्हणतात आणि नेमकं काय केलं ते सांगत नाहीत म्हणून लिहिते.

समजा एका बिल्डरला तुमची अख्खी सोसायटी विकत घ्यायची आहे. त्याच्याकडे पुरेसे पैसे नाहीत. तो बँकेकडून काढतो, सोसायटी घेतो, आणि मग ते कर्ज सोसायटीच्याच डोक्यावर टाकतो. हप्ता तुमच्या मेंटेनन्समधून. तुम्ही विचारता लिफ्ट का बंद, तर म्हणतो फंड नाही. २००५ मध्ये हेच झालं, साधारण ७९० मिलियन पाउंडांचा सौदा, त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि त्याआधी क्लबवर कर्जच नव्हतं. व्याजापोटी इतक्या वर्षांत शेकडो मिलियन गेले. लाभांश वेगळा.

आता रॅटक्लिफसाहेबांच्या व्यवहारात ते कर्ज फिटलं का? नाही. हिस्सा विकत घेतला म्हणजे पैसे बऱ्याच अंशी विकणाऱ्याच्या खिशात जातात, क्लबच्या नाही. म्हणून फार उड्या मारू नका एवढंच. आणि जो माणूस खर्च कमी करायला म्हणून येतो तो पहिल्यांदा कुठे कात्री लावतो ते मी तीस वर्षं ऑडिटमध्ये बघितलंय. चहापासून सुरू करतो.

कूपरेजचा_कावळा
२३ फेब्रुवारी २०२४

मावशींना +१.

मुंबईकर लोकांनी मालकांबद्दल बोलूच नये खरं तर, जखमेवर मीठ. महिंद्रा युनायटेड आठवते का कुणाला? लाल जर्सी, २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली टीम. मी कॉलेज बुडवून कूपरेजला जायचो, तेव्हा तिथं लाकडी बाकं होती आणि मागच्या झाडांवरचे कावळे हाफटाइमला खाली उतरायचे शेंगदाण्यांसाठी, माझा आयडी त्यावरूनच. २०१० मध्ये टीम बंद. संपली. वाईट खेळत होती म्हणून नाही, कंपनीनं ठरवलं की पैसा शाळकरी मुलांच्या स्पर्धेकडे वळवायचा. त्यांच्या दृष्टीनं बरोबरही असेल. पण माझी शनिवारची दुपार गेली ती गेलीच ना. त्यानंतर मी लांबच्या क्लबवर प्रेम करायला लागलो कारण म्हटलं हा तरी बंद पडणार नाही.

पुण्याचंही तेच, पुणे एफसी २०१५ ला गुंडाळला.

मडगांवकार
२३ फेब्रुवारी २०२४

आमच्या गोंयाचं काय सांगू पात्रांव. धेंपो पाच वेळा भारताचा चॅम्पियन. २०१६ मध्ये धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग, तिघांनी एका दमात आय-लीग सोडली, आयएसएल या नव्या लीगच्या व्यवस्थेत आपल्याला जागा नाही म्हणून. फातोर्ड्याला ज्या स्टँडमध्ये दोन भाऊ वेगवेगळ्या क्लबांसाठी भांडायचे तिथं आता दोघं एकाच क्लबाची नारिंगी जर्सी घालून बसतात. शांतता असते. मला ती शांतता आवडत नाही.

युनायटेड बंद पडणार नाही, ते मोठं प्रकरण आहे. पण मालक बदलला म्हणजे गोल होत नाहीत. मिडफिल्डात धावणारा माणूस आणा आधी.

मंगळवारपेठी
२३ फेब्रुवारी २०२४

शिवाजी पेठवाल्यांनी क्लब कसा चालवायचा ह्यावर धागा काढलाय हे बघून डोळे पाणावले 😂

रंकाळ्याचा_रेड
२३ फेब्रुवारी २०२४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक
२३ फेब्रुवारी २०२४

पेठेचं भांडण स्टेडियमवर. इथे फक्त मँचेस्टर.

साल्फर्डची_स्मिता
१३ मे २०२४

धागा वर काढतेय. कालची आर्सेनलची मॅच बघितली का कुणी? हरलो १-० ते सोडा, मॅचनंतर पाऊस आला आणि छपराच्या कोपऱ्यातून अक्षरशः धबधबा. सर बॉबी चार्ल्टन स्टँडच्या टोकाला. लोक खाली उभे राहून व्हिडिओ काढत होते, काही जण मुद्दाम भिजत होते. इथल्या ऑफिसात आज तोच विषय.

गनर_गणेश
१३ मे २०२४

आंबोलीला जायचा खर्च वाचला. १-० 😌

खडूस_मावशी
१३ मे २०२४

सोसायटीची गच्ची गळतेय. मी सांगितलं होतं.

रंकाळ्याचा_रेड
२५ मे २०२४

कप!!!!! एफए कप!! सिटीला २-१!!! गार्नाचो आणि मेनू, दोघं अकॅडमीची पोरं, एक १९ चा आणि एक १९ चा!! नाद खुळा!! लीगमध्ये आठवे आलो, गोल फरक मायनस एक, सगळं खरं, पण आज नाही बोलायचं त्यावर. वडिलांनी सत्याऐंशीव्या मिनिटाला सिटीच्या डोकूनं गोल मारल्यावर देवघरात जाऊन दिवा लावला आणि परत येऊन बसले, म्हणजे मॅचच्या मध्ये उठले, पहिल्यांदाच. सांगू नका त्यांना मी इथं लिहिलं ते.

कूपरेजचा_कावळा
२६ मे २०२४

कप जिंकला म्हणून आता कोचला ठेवतील. बघा. लग्न ठरत नव्हतं आणि तेवढ्यात मुलाला नोकरी लागली असं झालंय.

मडगांवकार
५ जुलै २०२४

कावळेबाबांच्या तोंडात साखर नको, मीठ पडो. टेन हागचा करार २०२६ पर्यंत वाढवला. इतर चार जणांशी बोलून झालं, मग ह्यालाच परत. जे लोक मुलगी बघायला दहा घरं फिरतात आणि शेवटी पहिल्या घरी येतात त्या घरातल्या मुलीनं काय समजायचं?

रंकाळ्याचा_रेड
२८ ऑक्टोबर २०२४

काढला. वेस्ट हॅमकडं २-१ हरलो काल, टेबलात चौदावे. चार महिन्यांपूर्वी करार वाढवलेला माणूस काढला. आता लिस्बनच्या स्पोर्टिंगचा कोच रुबेन आमोरिम येणार दिसतोय, वय ३९, पोर्तुगालमध्ये दोनदा लीग जिंकलाय, ३-४-३ खेळवतो.

खरं सांगू का, मला परत आशा वाटायला लागलीय. लाज वाटते सांगायला. गेल्या आठवड्यात मी घरी म्हणालो होतो की आता बघणार नाही, झोप महत्त्वाची, आणि काल रात्री दीड वाजता मी स्पोर्टिंगच्या जुन्या मॅचेस यूट्यूबवर बघत बसलो होतो, विंगबॅक कसा वर जातो ते बघत. बायको म्हणाली तुला कोण पगार देतं काय ह्याचा.

साल्फर्डची_स्मिता
२९ ऑक्टोबर २०२४

मलाही वाटतेय आशा. तो बोलतो छान. आपला नवरा सोडून बाकी सगळ्यांचे नवरे छान बोलतात तसं.

खडूस_मावशी
९ डिसेंबर २०२४

अ‍ॅशवर्थ गेला. हिशोब मांडते. न्यूकासलने त्याला फेब्रुवारीत घरी बसवलं, १ जुलैला तो इथे रुजू झाला, आणि ८ डिसेंबरला जातो आहे. जितके महिने वाट बघितली जवळपास तितकेच महिने टिकला. आणि त्याआधी टेन हाग व त्याचा स्टाफ काढायचा खर्च एक कोटी चार लाख पाउंड, तो क्लबच्या हिशोबात आलाच आहे.

आता दुसरी बाजू. उन्हाळ्यात अडीचशे नोकऱ्या कमी करायचं ठरलं. फर्गीचं अँबेसिडरचं मानधन बंद. सीझन अर्धा झाल्यावर उरलेली तिकिटं सरसकट ६६ पाउंड, मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही.

ह्याला आमच्या भाषेत नाणी मोजायची आणि नोटा उडवायच्या म्हणतात.

साल्फर्डची_स्मिता
१० डिसेंबर २०२४

मावशी, तुमच्या चहाच्या वाक्याची आठवण आली.

इथे परवा कॅथ फिप्स गेल्या. तिकडे किती जणांना माहीत असतील कुणास ठाऊक. क्लबच्या रिसेप्शनवर होत्या, १९६८ पासून. त्याच वर्षी आपण पहिला युरोपियन कप जिंकलो, म्हणजे तेव्हाचे मॅनेजर बस्बी, मग फर्गी, मग हे सगळे, सगळ्यांना त्यांनी दारातून आत येताना बघितलं. बेकहॅम वगैरे मंडळी पोरगेली होती तेव्हा ह्यांच्या टेबलापाशी गप्पा मारायला थांबायची. फर्गी नवीन माणूस आला की त्याला सांगायचा म्हणे की इथे धोब्यापासून स्वयंपाकघरातल्या बायकांपर्यंत सगळ्यांची नावं पाठ पाहिजेत.

शेजारच्या आजोबांनी काल पहिल्यांदा रॅटक्लिफबद्दल काहीतरी म्हटलं. म्हणाले, त्याला किती जणांची नावं येतात ते विचारा.

गनर_गणेश
१० डिसेंबर २०२४

यावर चेष्टा करत नाही. श्रद्धांजली.

मंगळवारपेठी
१० डिसेंबर २०२४

आमच्याकडं स्टेडियमवर चुना मारणारा मामा आहे. लीगमधल्या सगळ्या टीमच्या सगळ्या पोरांना तो नावानं हाक मारतो आणि सगळी पोरं आत जाताना त्याच्या पाया पडतात, शिवाजी पेठेची सुद्धा. बास, एवढंच सांगायचं होतं.

रंकाळ्याचा_रेड
२५ फेब्रुवारी २०२५

बातमी आली, अजून दीडशे ते दोनशे नोकऱ्या जाणार. आपल्या स्टेडियमचं, ओल्ड ट्रॅफर्डचं, स्टाफ कँटीन बंद, फळं ठेवणार म्हणे. कॅरिंग्टनला, सरावाच्या मैदानावर, खेळाडूंना जेवण फुकट, बाकीच्यांना सूप आणि पाव.

धाग्याचं नाव मी पाव मालक ठेवलं होतं राव. चेष्टा म्हणून ठेवलं होतं.

खडूस_मावशी
२५ फेब्रुवारी २०२५

मला बरोबर ठरल्याचा आनंद होत नाहीये. पाच वर्षं सलग तोटा आहे हे खरं, खर्च कमी करावा लागतो हेही खरं, मी सुद्धा क्लायंटला तेच सांगते. पण कँटीनमधून वर्षाला किती वाचत असेल आणि एका चुकीच्या विंगरवर किती गेले हे तिसरीतल्या मुलाला मांडता येईल असं गणित आहे.

मडगांवकार
१२ मार्च २०२५

आणि काल काय दाखवलं बघितलंत? नवीन स्टेडियम, एक लाखाचं, दोन अब्ज पाउंड, नॉर्मन फॉस्टरच्या ऑफिसचं डिझाइन. वर छत्री, तीन खांबांवर तंबू ठोकल्यासारखी. टेबलात खालून मोजलं तर लवकर सापडतो आपण आणि छत्री बघा. आमच्याकडं जत्रेत सर्कस यायची तिचा तंबू आठवला.

कूपरेजचा_कावळा
१२ मार्च २०२५

छपरातून पाणी गळत होतं ना, म्हणून छत्री. लॉजिक आहे.

रंकाळ्याचा_रेड
१८ एप्रिल २०२५, पहाटे ४.१०

झोप येत नाही म्हणून लिहितोय. आज गुड फ्रायडे, सुट्टी, नाहीतर मेलोच होतो.

युरोपा लीगमध्ये लिऑनविरुद्ध २-० पुढं होतो. मग २-२. त्यांचा माणूस रेड कार्डनं बाहेर गेला, दहा जण राहिले, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये दहा जणांनी आपल्याला दोन मारले. २-४. एकशे तेरा मिनिटं झालेली. कॅमेरा ओल्ड ट्रॅफर्डवर फिरला तर लोक उठून चालले होते. मी म्हणालो पप्पा चला झोपू. वडील काही बोललेच नाहीत, फक्त रिमोट घेऊन मांडीखाली ठेवला. एवढंच केलं. मग ब्रुनोची पेनल्टी, ३-४. मग मेनू, १२० व्या मिनिटाला, पाय असा वळवून कोपऱ्यात. मग मॅग्वायर. मॅग्वायरचं डोकं! १२१ वं मिनिट! ५-४! वडील ७१ वर्षांचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते सोफ्यावरून असे उठले जसे कॉर्नरला बॉल पकडायला जातात, दोन्ही हात वर, आणि वर पंख्याच्या पात्याला हात लागणार होता थोडक्यात वाचले. खालच्या मजल्यावरचे काका वर आले काय झालं विचारायला.

मग आम्ही तिघांनी चहा घेतला.

साल्फर्डची_स्मिता
१८ एप्रिल २०२५

😭😭 रिमोट मांडीखाली!! इथल्या आजोबांच्या घरातून पण आरडाओरडा ऐकू आला, मला वाटलं पडले की काय.

गनर_गणेश
१८ एप्रिल २०२५

मी पण बघत होतो. शेवटपर्यंत. स्क्रीनशॉट काढू नका ह्या प्रतिसादाचा.

मडगांवकार
२२ मे २०२५

बिलबाओ, युरोपा लीगची फायनल. ०-१. टॉटेनहॅमचा ब्रेनन जॉन्सन, धड लागला सुद्धा नाही त्याचा पाय. टॉटेनहॅम सतरावे, आपण सोळावे, त्यातले आपण हरलो. पुढच्या सीझनला युरोप नाही, काहीच नाही.

खडूस_मावशी
२६ मे २०२५

सीझन संपला. ताळेबंद: १५ वा नंबर, ४२ गुण, १८ पराभव. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनची सगळ्यात वाईट कामगिरी. मुलगा खोलीत आहे, जेवायला येत नाही.

मला एक विचारायचंय, खरंच माहिती नाही म्हणून. ह्या नव्या लोकांकडून तुम्हाला नक्की काय हवं होतं? कप तर त्यांच्या पहिल्याच वर्षात आला. तरी तुम्ही खूश नव्हता.

रंकाळ्याचा_रेड
२६ मे २०२५

मावशी, चांगलं विचारलंत, दोन दिवस डोक्यात हेच चाललंय.

आमच्या तालमीनं मागं सलग काही सीझन काहीच जिंकलं नव्हतं. तरी स्टेडियमवर जायचो, कारण आत कोण बसलंय ते माहीत असायचं. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस. हरून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडनं साखर आणायला जायचं, आणि साखर बांधता बांधता तो चार शिव्या खायचा, दोन द्यायचा, आणि म्हणायचा की बॅकला माणूस बघतोय रं, दम धर. मला वाटतं मला ते पाहिजे होतं. कुणीतरी शिव्या खायला समोर पाहिजे होतं. ग्लेझर वीस वर्षं कधी समोर आलेच नाहीत. रॅटक्लिफ आला, बोलला, लिव्हरपूल-सिटीला खाली उतरवणार म्हणाला, २०२८ ला क्लबला दीडशे वर्षं होतात तोवर लीग जिंकायची असं त्यांनी ठरवलंय म्हणतात, सगळं छान. आणि मग त्यानं पहिल्यांदा पोळी कुणाच्या ताटातली काढली, तर वाढप्यांच्या. तिथंच बिघडलं माझं. १५ वा नंबर मी पचवेन हो, अख्खं बालपण तालमीसोबत गेलंय.

मंगळवारपेठी
२६ मे २०२५

शिवाजी पेठेशी सहमत. ही ओळ आयुष्यात पुन्हा टाइप करणार नाही.

कूपरेजचा_कावळा
१० ऑगस्ट २०२५

चला, नवीन सीझन. कुन्या, एम्ब्यूमो, शेशको, तिघं मिळून दोनशे मिलियनच्या आसपास. पुढची फळी एकदम नवी. मागचा गोलकीपर तोच. दिवाणखान्याला रंग दिला आणि दाराला कडी नाही. तरी यंदा सहावे येऊ असं मी म्हणतो. लिहून ठेवा.

साल्फर्डची_स्मिता
११ ऑगस्ट २०२५

कॅरिंग्टनचं नूतनीकरण पण झालं, पन्नास मिलियनचं. मी पाचवे म्हणते. आजोबा म्हणाले दहावे, म्हणजे त्यांच्या मानाने फारच आशावादी.

रंकाळ्याचा_रेड
२८ ऑगस्ट २०२५

काल घरात गणपती बसले. आरती, मोदक, पाहुणे, सगळं आवरून साडेबाराला टीव्ही लावला. लीग कपची मॅच, समोर ग्रिम्सबी टाऊन. चौथ्या डिव्हिजनमधली टीम, मासळीचं बंदर आहे ते, लोक प्लास्टिकचे फुगवलेले मासे घेऊन स्टेडियमला आलेले. अर्ध्या तासात ०-२. शेवटी कसंबसं २-२, परत मॅग्वायरच, ८९ वं मिनिट. मग पेनल्टी. पेनल्टी संपेचनात. मी कागदावर टिक करत होतो, कागद संपला, लग्नपत्रिकेच्या मागं करायला लागलो. ११-१२. एम्ब्यूमोचा बारला लागला.

गणपतीसमोर. मोदकाचं ताट तसंच.

गनर_गणेश
२८ ऑगस्ट २०२५

बाप्पा मोरया. मी काहीच बोलत नाही, घरी सण आहे.

मडगांवकार
२८ ऑगस्ट २०२५

माशांकडून हरलो, चतुर्थीला. चवथीला घरात मासे वर्ज्य असतात एवढं पण कळत नाही ह्यांना.

साल्फर्डची_स्मिता
२८ ऑगस्ट २०२५

रेडभाऊ, वडील ठीक आहेत ना?

रंकाळ्याचा_रेड
२८ ऑगस्ट २०२५

ठीक आहेत. पेनल्टी चालू असताना कॅमेरा आमोरिमवर गेला, बघितलं असेल तुम्ही. डगआउटमध्ये मागं दबून बसलेला, समोर बघतच नव्हता. आणि त्याआधी पावसात तो हातातल्या बोर्डावरची लोहचुंबकं इकडची तिकडं सरकवत होता. वडिलांनी चष्मा वर केला, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाले, हा कॅरम खेळतोय काय?

मग बराच वेळ गप्प होते. मला वाटलं आता म्हणणार बंद कर. तर म्हणाले, तरुण पोरगं आहे, घाबरलंय, ह्याला तिथं जेवायला कोण घालत असेल.

मी म्हणालो, सूप आणि पाव.

रविवारी गौरी येणार म्हणून शनिवारी घरात साफसफाई आहे, बायकोनं आत्ताच बजावलंय की टीव्हीची खोली सहापर्यंत रिकामी पाहिजे. बर्नलीविरुद्धची मॅच साडेसातला. वडिलांनी सकाळीच जळमटं काढायची काठी शोधून ठेवलीय.